द क्युअरच्या अल्बमांची पहिली गाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द क्युअर या ब्रिटिश बँडबद्दल वाचकांचे जे प्रश्न येतात, ते फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबतात: अल्बमचं पहिलं गाणं. कुठलं सगळ्यात चांगलं, कुठलं चुकीच्या जागी आहे, कुठल्यापासून ऐकायला घ्यावं. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. साधे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. द क्युअर हा नक्की कुठला बँड? आणि पोस्ट-पंक म्हणजे काय?

लंडनच्या दक्षिणेला, गॅटविक विमानतळाला लागून क्रॉली नावाचं गाव आहे. तिथल्या शाळकरी मित्रांचा हा बँड. गाणारा आणि गिटार वाजवणारा रॉबर्ट स्मिथ, ड्रम्सवर लॉल टॉलहर्स्ट, बेस गिटारवर मायकेल डेम्प्सी. आधी नाव होतं ईझी क्युअर, १९७८ मध्ये त्याचं द क्युअर झालं. तेव्हापासून आजपर्यंत माणसं आली-गेली, स्मिथ मात्र कायम आहे.

१९७६-७७ च्या पंकने एक गोष्ट करून दाखवली: तीन सूर येत असले तरी बँड काढता येतो. त्यातून धीर आलेल्या मुलांना दोन वर्षांत त्याच भरधाव आरडाओरड्याचा कंटाळा आला. त्यांनी वेग उतरवला, बेस गिटार पुढे आणली, गिटार विरळ केली आणि सुरांमध्ये मोकळी जागा सोडली. याला ढोबळमानाने पोस्ट-पंक म्हणतात. जॉय डिव्हिजन, सूझी अँड द बॅन्शीज हे त्याच पिढीतले. बॅन्शीजमध्ये तर स्मिथने स्वतः गिटार वाजवलीय. काटेकोर बोलायचं तर क्युअरचे १९७९ ते १९८२ मधले पहिले चार अल्बमच पोस्ट-पंक. पण अल्बम उघडण्याची जी सवय तेव्हा लागली ती २०२४ पर्यंत सुटली नाही, म्हणून इथे सगळेच घेतलेत.

२. एकूण अल्बम किती आणि कुठला कशाने सुरू होतो?

स्टुडिओ अल्बम चौदा. 'थ्री इमॅजिनरी बॉइज' (१९७९) सुरू होतो '१०:१५ सॅटरडे नाइट'ने, 'सेव्हन्टीन सेकंड्स' (१९८०) 'अ रिफ्लेक्शन'ने, 'फेथ' (१९८१) 'द होली अवर'ने आणि 'पॉर्नोग्राफी' (१९८२) 'वन हंड्रेड इयर्स'ने. मग 'द टॉप' (१९८४) आणि 'शेक डॉग शेक', 'द हेड ऑन द डोअर' (१९८५) आणि 'इन बिटवीन डेज', 'किस मी, किस मी, किस मी' (१९८७) आणि 'द किस', 'डिसइंटिग्रेशन' (१९८९) आणि 'प्लेनसाँग'. १९९२ च्या 'विश'चं पहिलं गाणं 'ओपन', १९९६ च्या 'वाइल्ड मूड स्विंग्ज'चं 'वाँट', २००० च्या 'ब्लडफ्लॉवर्स'चं 'आउट ऑफ धिस वर्ल्ड', बँडचंच नाव असलेल्या २००४ च्या अल्बमचं 'लॉस्ट', २००८ च्या '४:१३ ड्रीम'चं 'अंडरनीथ द स्टार्स'. त्यानंतर सोळा वर्षं काहीच नाही, आणि १ नोव्हेंबर २०२४ ला 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. त्याचं पहिलं गाणं 'अलोन'.

३. आता सगळे मोबाइलवर हवं ते गाणं लावतात. मग पहिलं कुठलं, शेवटचं कुठलं, याने काय फरक पडतो?

या बँडच्या बाबतीत खूप पडतो. बहुतेक बँड सगळ्यात चटकदार गाणं पहिलं ठेवतात, म्हणजे दुकानात रेकॉर्ड लावून बघणारा तिथेच अडकेल. क्युअरने हे क्वचितच केलं. 'अ फॉरेस्ट' हे त्यांचं सुरुवातीच्या काळातलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'सेव्हन्टीन सेकंड्स'वर सातवं आहे. 'फ्रायडे आय ॲम इन लव्ह' जगभर वाजलं, ते 'विश'वर तेही सातवंच. 'लव्हसाँग' 'डिसइंटिग्रेशन'वर चौथं. पहिल्या जागेवर स्मिथ असं गाणं ठेवतो ज्यात त्या अल्बमची हवा असते: लय किती संथ, आवाज किती दूर, बेस किती पुढे. पुढची दहा-बारा गाणी त्या हवेत वाजतात.

स्वतःच करून बघा. 'पिक्चर्स ऑफ यू' एकदा सुटं ऐका आणि एकदा 'प्लेनसाँग'च्या पाठोपाठ. सुटं ऐकलं तर त्याची सुरुवात लांबट वाटते. 'प्लेनसाँग'नंतर तीच सुरुवात हलकी होते, अंगावरचं ओझं उतरल्यासारखी. गाणं तेच, सेकंदही तेवढेच.

४. तुमचं सगळ्यात आवडतं कुठलं?

'प्लेनसाँग'. बरेच जण हेच नाव घेतील हे माहीत आहे, पण वेगळेपणा दाखवायला दुसरं सांगणार नाही.

आधी काही क्षण नुसता घुंगरांसारखा किणकिणाट. वाऱ्याने हलणाऱ्या धातूच्या नळ्यांचा, इतका बारीक की नवखा माणूस आवाज वाढवायला हात पुढे करतो. आणि त्याच क्षणी सगळं एकदम कोसळतं: सिंथचे (विजेवर चालणाऱ्या सिंथेसायझर कीबोर्डचे) रुंद, थरावर थर असलेले सूर, बोरिस विल्यम्सचे संथ जड ड्रम्स, खाली सायमन गॅलपची बेस. तो पहिला आघात दर वेळी छातीत लागतो, येणार आहे हे माहीत असूनही. मग घाई कसलीच नाही. गिटार दोन-चार सुरांची एक ओळ काढते, थांबते, परत काढते. अडीच मिनिटं उलटल्यावर स्मिथचा आवाज येतो आणि तोही पुढे येत नाही. प्रतिध्वनीत बुडालेला, बाकीच्या वाद्यांच्या मागून कुणी बोलावं तसा. शब्दांत एक ती आणि एक तो. ती म्हणते, अंधारून आलंय, पाऊस येईलसं वाटतं. जगाचा शेवट व्हावा तसं वारं सुटलंय. मग ती थंडीबद्दल बोलते, म्हातारपणाबद्दल बोलते. एवढंच.

स्मिथचा जन्म २१ एप्रिल १९५९ चा. हा अल्बम २ मे १९८९ ला आला, म्हणजे तिशी ओलांडून जेमतेम दहा-बारा दिवस झाले होते. वय होत चाललंय आणि आपल्या हातून अजून खरं मोठं काम झालेलं नाही, ही धास्ती तेव्हा त्याला होती, आणि ती तो मुलाखतींत सांगत आलाय. 'प्लेनसाँग'मध्ये ती धास्ती शब्दांच्या आधी, त्या अडीच मिनिटांतच कळते. म्हणून मी हे गाणं वर ठेवतो.

५. यांच्या गाण्यात आवाज इतका उशिरा का येतो? 'द किस' लावलं तर वाटलं हे वाद्यसंगीतच आहे.

'द किस' सव्वासहा मिनिटांचं आहे आणि त्यात जवळजवळ चार मिनिटं कुणी गात नाही. 'अलोन'मध्ये तीन मिनिटांहून जास्त थांबावं लागतं. 'प्लेनसाँग'चं वर सांगितलंच. 'अ रिफ्लेक्शन'मध्ये तर शब्द येतच नाहीत (प्रश्न ७).

यामागे वाजवण्याची एक पद्धत आहे. रॉक संगीतात बेस गिटार सहसा खालचा पाया धरते. क्युअरमध्ये गॅलप बरेचदा वरच्या पट्टीत जातो आणि गाण्याची चाल तिथेच वाजवून टाकतो. स्मिथही सहा तारांची बेस वाजवतो. तिचा सूर साध्या गिटारपेक्षा खाली, साध्या बेसपेक्षा वर, आणि थोडा थरथरता. त्यामुळे चाल सांगायला गाणाऱ्याची गरज उरत नाही. आवाज येण्याआधीच गाण्याला जे म्हणायचं ते वाद्यांनी म्हणून झालेलं असतं. मग स्मिथ येतो तो त्यावर दोन-चार वाक्यं बोलायला.

'द किस'मध्ये याचा वापर वेगळ्याच कारणासाठी झालाय. तिथे वाव्हा पेडलवरची (पायाने दाबून सूर वळवायच्या यंत्रावरची) गिटार सतत ओरडते, चढत जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटत राहतं की आता याहून वर जाणं शक्य नाही. तेव्हा स्मिथ तोंड उघडतो आणि चुंबन मागतो, आणि पुढच्याच ओळींत ते प्रेम तिरस्कारात बदलतं. चार मिनिटं ताणलं नसतं तर तो तिरस्कार नाटकी वाटला असता.

६. म्हणजे हे आपल्या आलापासारखंच झालं की?

हा प्रश्न शास्त्रीय संगीत ऐकणारे आवर्जून विचारतात, आणि थांबण्याची सवय असलेल्या कानाला क्युअर लवकर आवडतो हे खरंच आहे. पण साम्य तिथेच संपतं. आलापात ताल नसतो, राग हळूहळू एकेक स्वराने उलगडतो आणि पुढे काय येणार ते कलाकार त्या घटकेला ठरवतो. क्युअरमध्ये ठेका बहुधा सुरुवातीलाच लागतो, स्वरांची तीच माळ फिरत राहते आणि सगळं आधी बांधलेलं असतं. 'प्लेनसाँग' स्टुडिओत जसं वाजतं, जवळपास तसंच मंचावर वाजतं. वाढ होते ती थरांची: आधी सिंथ, त्यावर गिटार, त्यावर दुसरी गिटार, मग आवाज. आलाप समजून ऐकलंत तर निराशा होईल, कारण उलगडायला इथे राग नाही.

७. 'अ रिफ्लेक्शन' दोन मिनिटांचं, त्यात शब्द नाहीत. त्याला गाणं तरी का म्हणायचं?

कारण त्याच्याशिवाय पुढची पंचेचाळीस वर्षं समजत नाहीत.

पहिला अल्बम बाहेर आला तेव्हा स्मिथ त्यावर खूश नव्हता. कुठली गाणी घ्यायची हेही त्याच्या मनाप्रमाणे झालं नव्हतं. मुखपृष्ठावर बँडऐवजी एक उभा दिवा, एक फ्रिज आणि एक व्हॅक्यूम क्लीनर, आणि गाण्यांची नावं न छापता त्या जागी चित्रं. तेही त्याला न विचारता. दुसऱ्या वेळी त्याने माइक हेजेसच्या बरोबरीने निर्मिती स्वतःच्या हातात घेतली. डेम्प्सी गेला होता, बेसवर सायमन गॅलप आणि कीबोर्डवर मॅथ्यू हार्टली आले होते. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत काम झालं.

अशा वेळी विशीतला कुणीही आपला जोर दाखवणारं गाणं पहिलं ठेवेल. यांनी ठेवलं ते गिटार आणि पियानोचे मोजके सूर, संथ, एकमेकांपासून लांब लांब ठेवलेले, शब्दांशिवाय. दोन मिनिटं ऐकणाऱ्याला काहीच दिलं जात नाही, फक्त खोलीतला उजेड कमी केला जातो. ते संपतं न संपतं तोच 'प्ले फॉर टुडे'चा ठेका सुरू होतो आणि तो ठेका इतका स्वच्छ, इतका थंड वाटतो की कान एकदम ताठ होतात. 'प्लेनसाँग' आणि 'अलोन' या दोघांचं बी इथे आहे. आवडीच्या क्रमात माझ्याकडे 'अ रिफ्लेक्शन' चौथं-पाचवं असेल, पण महत्त्वाने पहिलं.

८. '१०:१५ सॅटरडे नाइट' तर सगळ्यांना आवडतं. तुम्ही त्याचं नाव का घेत नाही?

घेतो की. ख्रिस पॅरीने टपालाने आलेल्या टेपवर हेच गाणं ऐकलं, क्रॉलीच्या मुलांना बोलावलं आणि आपल्या फिक्शन या नव्या रेकॉर्ड कंपनीत घेतलं. त्या अर्थाने बँडचं पुढचं सगळं आयुष्य या गाण्याने सुरू झालं. स्मिथने ते शाळकरी वयात, घरच्या स्वयंपाकघरात टपकणारा नळ बघत लिहिलं. शनिवारची रात्र, सव्वादहा, फोन येणार नाही हे कळून चुकलेलं, आणि नळ ठिबकतोय. वाद्यंही तशीच: कोरडा टिकटिकणारा ठेका, त्यावर गिटारचे तुटक सूर, मध्येच एक खरवडल्यासारखा गिटारचा तुकडा आणि परत टिकटिक. इतक्या कमी सामग्रीत एवढं एकटेपण फार थोड्यांना साधलंय.

तरी वरच्या रांगेत ठेवत नाही, कारण त्यानंतरचा उरलेला अल्बम त्याच्यासारखा नाही. तो खडबडीत, धावता, थोडा विस्कळीत आहे. हे गाणं एकटं उत्तम आहे. अल्बमचं दार म्हणून त्याचं काम अर्धंच झालं.

९. 'पॉर्नोग्राफी' हे नाव बघूनच बिचकायला होतं. घरात लावण्यासारखा अल्बम आहे का?

नावात जे आहे ते अल्बममध्ये नाही. अश्लील काही नाही. पण घरात सगळ्यांसमोर लावू नका असंच सांगेन, वेगळ्या कारणाने. 'वन हंड्रेड इयर्स' पावणेसात मिनिटांचं आहे. यंत्रावरचा ठेका न थांबता, न बदलता आदळत राहतो, वर गिटारची किंचाळणारी एक ओळ, आणि पहिलंच वाक्य असं की आपण सगळे मेलो तरी काही फरक पडत नाही. नंतर युद्धाची, मृत्यूची चित्रं येतात, एकामागून एक, कुठलीही सांत्वनाची ओळ न येता.

तेव्हा बँड तिघांवर आला होता: स्मिथ, गॅलप, टॉलहर्स्ट. सततचे दौरे, दारू, नशा आणि आपसातली भांडणं. त्या दौऱ्याच्या शेवटी गॅलप बँड सोडून गेला आणि दोन-तीन वर्षांनी परतला. असा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला याचं आजही नवल वाटतं.

पहिलं गाणं कसं असावं याचं हे सगळ्यात निर्दय उदाहरण आहे, आणि पूर्णपणे यशस्वी. उरलेला अल्बम त्या पहिल्या वाक्याशी एकनिष्ठ राहतो. आवडीत 'प्लेनसाँग'नंतर हेच. पण मन आधीच खचलेलं असेल तर हे गाणं लावू नये, हे मी मनापासून सांगतो. ते वाट पाहू शकतं.

१०. ज्याची कुणी आठवण काढत नाही असं एखादं?

'द होली अवर'. 'अ रिफ्लेक्शन' आणि 'वन हंड्रेड इयर्स' यांच्या मध्ये सापडल्यामुळे ते मागे पडलं.

सुरुवातीला फक्त बेस गिटार. चार-पाच सुरांची एक ओळ, तीच, पुन्हा तीच. ड्रम्स येतात तेही अगदी साधे. माणूस चर्चमध्ये गुडघे टेकून बसलाय, आजूबाजूचे एकेक करून निघून जातायत, आणि याला आतून काहीच होत नाही. विश्वास ठेवायची इच्छा आहे आणि विश्वास बसत नाही, एवढीच गोष्ट. स्मिथ कॅथलिक घरातला, कॅथलिक शाळेत शिकलेला. 'फेथ' करताना त्याच्या आजीचा मृत्यू झालेला होता आणि टॉलहर्स्टची आई शेवटच्या आजारात होती. गाण्याच्या अखेरीला घंटा वाजते. एरवी अशी घंटा स्वस्त वाटली असती, इथे वाटत नाही, कारण तोवर गाण्याने काहीच वाढवून सांगितलेलं नसतं.

मुखपृष्ठावर धुक्यात हरवलेला यॉर्कशरमधला बोल्टन मठ आहे. ते चित्र समोर ठेवून ऐका.

११. सगळी रडकीच आहेत का? जरा मोकळं, उड्या मारावं असं पहिलं गाणं नाही का?

'इन बिटवीन डेज'. ड्रम्सची एक छोटी धाव, अकूस्टिक गिटारींचा लोंढा, सिंथची शिट्टीसारखी ओळ, आणि तीन मिनिटांच्या आत सगळं संपतं. १९८५ मध्ये गॅलप परत आला होता, बोरिस विल्यम्स नवा होता, आणि वर्षानुवर्षं दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात हवा यावी तसं ते ऐकू येतं. शब्द मात्र म्हातारं झाल्याचे, प्रेम घालवून बसल्याचे आहेत. नाचता नाचता ते कळत नाहीत, घरी आल्यावर कळतात.

अल्बमच्या आधी सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, बाजारात आलेलं पहिलं गाणं शोधायचं तर हे एक आणि सरळ २०२४ चं 'अलोन'.

१२. सुरुवात जोरदार आणि अल्बम पडेल, असं कुठे झालंय?

'वाँट'. हळूहळू चढत जाणारं, भुकेलं, दणदणीत गाणं. हवं, आणखी हवं, आणि कितीही मिळालं तरी पुरणार नाही. ते संपल्यावर 'डिसइंटिग्रेशन'च्या तोडीचं काही ऐकायला मिळणार असं वाटतं. प्रत्यक्षात 'वाइल्ड मूड स्विंग्ज' पुढे दहा दिशांना जातो, आणि त्यातल्या काही दिशा चांगल्या असूनही पहिल्या गाण्याशी कुणाचंच नातं लागत नाही. अल्बम पडेल म्हणवत नाही, पण जे दार उघडलं ते त्या घराचं नव्हतं.

'अंडरनीथ द स्टार्स'चंही थोडं तसंच. तारे, समुद्र, कानाजवळची कुजबुज, फार सुंदर. त्याच्या मागोमाग 'द ओन्ली वन' उड्या मारत येतं आणि तयार झालेली शांतता मोडते.

१३. 'बॉइज डोन्ट क्राय' हा पण अल्बमच ना? मग त्याचं पहिलं गाणं यादीत का नाही?

तो अमेरिकेसाठी १९८० मध्ये काढलेला संग्रह. पहिल्या अल्बममधली काही गाणी, काही सिंगल्स आणि इतर काही एकत्र करून केलेला. त्यात 'बॉइज डोन्ट क्राय' पहिलं आहे आणि '१०:१५ सॅटरडे नाइट' मागे सरकलंय. 'जॅपनीज व्हिस्पर्स' (१९८३) हा सिंगल्सचा संग्रह आणि 'मिक्स्ड अप' (१९९०) हा रीमिक्सचा. तिघांचाही क्रम लागला तो गाणी तयार झाल्यावर. त्यामुळे मी ते धरत नाही.

वेगवेगळ्या आवृत्त्यांनी पहिलं गाणं बदलतं का, असंही विचारतात. स्टुडिओ अल्बमांत बदल झाले ते पुढे. 'डिसइंटिग्रेशन'च्या मूळ तबकडीवर 'लास्ट डान्स' आणि 'होमसिक' नव्हती, सीडीवर होती. 'किस मी'च्या मूळ सीडीवर जागा पुरेना म्हणून 'हे यू' गाळलं होतं. 'प्लेनसाँग' आणि 'द किस' दोन्हीकडे जागच्या जागी आहेत.

१४. 'प्लेनसाँग' सिनेमात ऐकल्यासारखं वाटतंय.

सोफिया कपोलाच्या 'मारी आंत्वानेत' (२००६) या फ्रान्सच्या राणीवरच्या सिनेमात राज्याभिषेकाच्या प्रसंगाला आहे, आणि तिथे ते चपखल बसलंय, कारण त्या कोवळ्या राजा-राणीच्या डोक्यावर मुकुट चढतानाच शेवट ऐकू येतो. 'अँट-मॅन' (२०१५) मध्ये बॅगेत चाललेल्या मारामारीत फोन चुकून हेच गाणं लावतो.

१५. कार्यक्रमातही हीच गाणी आधी वाजवतात का?

बरेचदा. २०१८ च्या हाइड पार्कमधल्या चाळीस वर्षांच्या कार्यक्रमाची सुरुवात 'प्लेनसाँग'ने झाली, २०१९ ला ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवातही. उन्हात, हजारो लोकांसमोर, इतक्या संथ गाण्याने सुरुवात करायला स्वतःवर भरवसा लागतो.

नोव्हेंबर २००२ मध्ये बर्लिनच्या टेम्पोड्रोममध्ये त्यांनी 'पॉर्नोग्राफी', 'डिसइंटिग्रेशन' आणि 'ब्लडफ्लॉवर्स' हे तीन अल्बम एका रात्रीत सलग वाजवले. 'ट्रिलॉजी' नावाने त्याचं चित्रण मिळतं. एकाच मंचावर, एकाच रात्री 'वन हंड्रेड इयर्स', 'प्लेनसाँग' आणि 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' ही तीन दारं उघडताना बघायची तर ते बघा. तेवीस, तीस आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचा तोच माणूस त्यात दिसतो.

१६. 'अलोन'चं एवढं कौतुक नव्या गाण्याची सोळा वर्षं वाट पाहिली म्हणून, की गाणंच तेवढं चांगलं आहे?

गाणंच चांगलं आहे. लोकांनी ते आधी ऑक्टोबर २०२२ मध्ये लाटव्हियातल्या रीगाच्या कार्यक्रमात ऐकलं, तिथे ते पहिलंच होतं. पुढे दोन वर्षं ते दौऱ्यावर वाजत राहिलं आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला प्रसिद्ध झालं. म्हणजे कौतुकाला उतरायला भरपूर वेळ मिळाला होता, तरी ते उतरलं नाही.

जेसन कूपरचे ड्रम्स जड आणि ओढत चालल्यासारखे, गॅलपची बेस खरखरीत, वर सिंथचे थर. तीन मिनिटं उलटून गेल्यावर स्मिथ गातो, आणि पहिली ओळ सांगते की आपण गातो त्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट आहे. अर्नेस्ट डाउसन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या 'ड्रेग्ज' या कवितेचा त्यावर प्रभाव आहे. ही ओळ सापडली तेव्हा अल्बम खरा झाला, असं स्मिथचं म्हणणं. अल्बमचं शेवटचं गाणं 'एंडसाँग' दहा मिनिटांहून मोठं आहे, आणि पहिल्या ओळीत जे सांगितलं ते तिथे पुरं होतं. मधल्या वर्षांत स्मिथचे आई, वडील आणि भाऊ गेले. पासष्टीतला त्याचा आवाज आश्चर्य वाटावं इतका तसाच राहिलाय, आणि त्या तशाच आवाजात हे शब्द ऐकताना घसा दाटतो.

१७. मी काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू?

'इन बिटवीन डेज', मग 'प्लेनसाँग', मग 'अ रिफ्लेक्शन' आणि न थांबवता 'प्ले फॉर टुडे'. तिथवर आवडलं तर 'द होली अवर'. 'वन हंड्रेड इयर्स' नंतर कधीतरी (प्रश्न ९). 'डिसइंटिग्रेशन'च्या वेष्टणावर छापलंय की हे संगीत मोठ्या आवाजात ऐकण्यासाठी मिसळलेलं आहे, तेव्हा आवाज वाढवा. ते गंभीरपणे घ्या. फोनच्या स्पीकरवर 'प्लेनसाँग' ऐकलंत तर किणकिणाटही जातो आणि कोसळणंही.

१८. तबकडीला दोन बाजू असतात. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पण 'पहिलं' धरायचं का?

धरायला हवं, निदान पहिल्या सहा अल्बमांपुरतं. ते तबकडीसाठीच बांधलेत. 'पॉर्नोग्राफी'ची दुसरी बाजू 'द फिगरहेड'ने सुरू होते, ड्रम्सच्या अशा ठोक्याने की उठून तबकडी उलटल्याचं सार्थक होतं. 'फेथ'ची 'द फ्युनरल पार्टी'ने. 'द हेड ऑन द डोअर'ची 'द बेबी स्क्रीम्स'ने, आणि ते मात्र 'पुश'सारख्या गाण्यानंतर फिकं पडतं.

सगळ्यात विलक्षण आहे 'सेव्हन्टीन सेकंड्स'. तिची दुसरी बाजूही शब्द नसलेल्या तुकड्यानेच उघडते: 'द फायनल साउंड', मिनिटभरसुद्धा नाही. तो खरं तर लांबलचक होणार होता, पण ध्वनिमुद्रण चालू असताना टेप संपली आणि जेवढं झालं तेवढंच ठेवलं. तो जिथे तुटतो तिथून 'अ फॉरेस्ट' सुरू होतं. मोबाइलवर ऐकताना तो तुकडा बरेच जण पुढे ढकलतात. तो ऐकूनच 'अ फॉरेस्ट'मध्ये शिरा.